चौथ्या पानानंतर काही घडत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून फोनवर बातम्या वाचणं बंद. कायमचं.

भीतीमुळे नाही. तत्त्व म्हणून. एकतीस वर्षं मी वर्तमानपत्राची पानं लावली. कुठली बातमी कुठे, किती कॉलम, मथळा केवढा, हे ठरवण्यात उमेदीची वर्षं गेली. गेल्या वर्षी आमच्या पेपरची छपाई थांबली, पेपर नुसता ऑनलाइन उरला आणि पानं लावणारा मी घरी आलो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की फोनवरच्या बातमीला जागा नसते. नुसती येत राहते.

आज चहा पिताना पूल कोसळल्याची बातमी वाचत होतो. सात ठार. वाचता वाचता पान आपोआप ताजं झालं आणि नऊ ठार. मी आधीच फोन ठेवला असता तर ते दोघं जिवंत राहिले असते, असं क्षणभर वाटून गेलं. चहा बशीत सांडला. कप गरम होता.

त्याच्याखाली लगेच: मानेतली गाठ, ओळखा ही सात लक्षणं.

नोंद असावी म्हणून लिहितो. शुक्रवारी हिच्या मानेतल्या गाठीत सुई घालून तपासणी झाली. किरकोळ आहे. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात म्हणे. ही आत असताना मी बाहेर बाकावर बसून फोनमध्ये 'मानेतली गाठ' असं एकदा शोधलं. (चारदा.) तेव्हापासून फोनला दुसरा विषय नाही. फुटबॉल, गाठ, निवडणूक, गाठ, हवामान, गाठ.

सात लक्षणांपैकी मला पाच आहेत. हिला एकही नाही. यावरून त्या बातम्यांची लायकी कळते.

४ मार्च, मंगळवार. दुपारी

योजना तयार. फोनमधल्या बातम्यांचा रोज एक अंक काढायचा. कागदावर, कॉलम पाडून, मथळे देऊन, घरच्या प्रिंटरवर. चार पानं. नाव 'दैनिक निवांत'.

संध्याकाळी सहाला बातम्या घेणं बंद. सहा ते आठ पानं लावायची. सकाळी सातला अंक टेबलावर. सहानंतर जगात जे काय व्हायचं ते होऊ दे, त्यानं उद्याच्या अंकापर्यंत थांबायचं. पूर्वी थांबायचंच की. आणि चौथं पान संपलं की संपलं. घडी घालायची, बाजूला ठेवायचा, आंघोळीला जायचं. चौथ्या पानानंतर काही घडत नाही, हीच वर्तमानपत्राची खरी गंमत होती. ती जगाला परत मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलेलं दिसतं.

हिला योजना सांगितली. वह्या तपासत होती (शाळेत गणित शिकवते). म्हणाली, करा, तेवढाच वेळ जाईल. नंतर विचारलं, रिपोर्टचा फोन वगैरे? मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं अंकात येईल.

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.१५

पहिला अंक निघाला!

लीड, म्हणजे मुख्य बातमी: बागेचा दरवाजा रंगवला, मुलांसाठी पुन्हा खुली. तीन कॉलम. पूल आतल्या पानावर, एका कॉलमात, सात ठारच ठेवले. छापलेली बातमी बदलत नाही, तेच तिचं वैशिष्ट्य. युद्ध 'संक्षिप्त'मध्ये दोन ओळी, हवामान आणि हरवलेल्या कुत्र्याच्या मधे. युद्ध त्या जागेत एकदम आटोक्यात आल्यासारखं दिसतं. आरोग्यविषयक मजकूर जागेअभावी घेतला नाही. तिसऱ्या पानावर थोडी जागा उरली, तिथे डोंगराचा फोटो टाकला.

चौथं पान उलटं छापलं गेलं. वाचकानं अंक फिरवून घ्यावा.

हिनं सगळी पानं वाचली. ओळीवर बोट ठेवून. चौथं पान फिरवून. मग पुन्हा पहिल्यापासून चाळला. म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, त्यातच तर सगळं आलं. ती बरं म्हणाली.

शाळेत जाताना अंक पर्समध्ये घालून घेऊन गेली. वाचक प्रतिसाद उत्तम.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ

दुसरा वाचक मिळाला. आमच्या पेपरातला जुना मुद्रितशोधक. ऑफिसात सगळे त्याला वेलांटी म्हणायचे, अजूनही म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. छपाई बंद झाल्यापासून औषधांच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचून त्यात चुका काढतो.

अंक हातात दिला तर डोळे पाणावले. मग लाल पेन काढलं आणि तेहतीस चुका दाखवल्या.

मी म्हटलं, एकूण परिणाम कसा वाटतो? म्हणाला, परिणाम वाचायची मला सवय नाही.

त्याला विचारलं, तुला फोनवरच्या बातम्यांची भीती वाटते का रे? सहज विचारलं. म्हणाला, खूप. इतकं अशुद्ध लिहितात.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

फोन दिवसभर बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा, असं ठरवलं. पाचला काढायचा, तासभर बातम्या वेचायच्या, सहाला परत डब्यात. शिस्त.

अकराला डबा घरघरला. ही शाळेत. घरात मी एकटा. पत्र्याच्या डब्यात फोन फारच मोठ्यानं घरघरतो, हे आधी लक्षात यायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून डब्याकडे बघत होतो. डबा थांबला. परत सुरू झाला. आत जाऊन डब्यावर उशी ठेवली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

रिपोर्टचा फोन मला येणारच नाही, हे मला माहीत आहे. गेल्या शुक्रवारी लॅबच्या काउंटरवर हिनं लेकीचा नंबर दिला. मी शेजारी उभा असताना! लेक दुसऱ्या शहरात, मी इथे हातभर अंतरावर, आणि ही शांतपणे तिचे दहा आकडे सांगत होती. मला अपमान वाटला. इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन लागोपाठ दोन कप कॉफी प्यायलो.

संध्याकाळी ५.१०

पाण्याचा फिल्टर विकणाऱ्या बाईंचा फोन होता. जीव भांड्यात पडला. फिल्टर घेईन म्हणालो.

८ मार्च, शनिवार

लेकीचा फोन आला, हिच्या फोनवर. तिला नवी पद्धत समजावली. यापुढे मला पाठवायचा मजकूर सहाच्या आत पाठवावा. 'कौटुंबिक' या सदरात रोज आठ ओळी राखून ठेवल्या आहेत. महत्त्वाचं वर लिहावं, कारण जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. जगभर खालूनच कापतात. बातमीचा जीव पहिल्या दोन वाक्यांत असतो, शेपटीला फक्त पार्श्वभूमी.

तिनं विचारलं, बाबा, तुम्ही बरे आहात ना? मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे. ती म्हणाली, आईला द्या जरा.

दोघी वीस मिनिटं बोलल्या. गॅलरीत जाऊन. मी मुळीच ऐकायला गेलो नाही. झाडांना पाणी घालायला गेलो होतो, तर या गप्प झाल्या.

९ मार्च, रविवार. सकाळ

रविवारची पुरवणी! शब्दकोडं, पाककृती, राशिभविष्य. राशिभविष्य मीच लिहिलं. हिच्या राशीला 'प्रकृती ठणठणीत, चिंता नसावी' असं पाच ओळी लिहिलं. बाकी राशींना एकेक ओळ.

आता थांबायचं नाही. आमच्या जुन्या संपादकांना कॉम्प्युटरवरून सविस्तर पत्र पाठवलं. ऑनलाइन बातम्या छापील पेपरसारख्या वाचता येतील असं ॲप काढा. दिवसातून एकदा येईल, चार पानांचं असेल, शेवटी संपेल. आज लाखो लोक फोन हातात घेताना घाबरतात. (मी नव्हे. लोक.) त्यांना शेवटचं पान द्या. सल्लागार म्हणून मी उपलब्ध आहे.

आठवड्याभरात बोलावणं येईल. शर्ट इस्त्रीला टाकले.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८

संपादकांचं उत्तर पाच मिनिटांतच आलं होतं, असं आज दिसलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली कोणाचीच सही नाही. विचार चालू असणार.

आज दहावा दिवस. कशाचा ते लिहायची गरज नाही.

ही आरशासमोर उभी राहून मानेवरून दोन बोटं फिरवत होती. मला पाहिल्यावर हात केसांकडे नेला. मी प्रिंटर चालू आहे का बघायला गेलो. बंद होता. बंदच असतो सकाळी. तरी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.२५

पाच पन्नासला लेकीचा मेसेज आला. अगदी वेळेत. पोरगी शिकली म्हणायची.

पण केवढा लांब! वर लिहा म्हटलं तरी लोक पाल्हाळ लावतात. इमारतीची पाण्याची टाकी फुटली होती, ती दुरुस्त झाली. नातवाचा समोरचा दात पडला, त्यानं तो काडेपेटीत ठेवला. पडदे धुवायला टाकले. मग जावयाच्या ऑफिसातलं काहीतरी. तिथपर्यंत वाचलं. पुढे बराच मजकूर होता, पण अंगठा खाली जाईना. वय झालं की सांधे धरतात. शिवाय अनुभवानं कळतं, चौथ्या परिच्छेदानंतर काही नसतं.

नियमाप्रमाणे खालून कापला. आठ ओळी नेमक्या बसल्या. मथळा: लेकीकडे टाकी दुरुस्त, नातवाचा दात पडला. दोन कॉलम, चौकटीत. आतापर्यंतचं सर्वांत देखणं पान.

फोन डब्यात. उशी वर. आज भूक लागली आहे.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ७.३०

काहीतरी बिनसलं आहे.

हिनं अंक घेतला तो उभ्या उभ्याच. लीडकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ 'कौटुंबिक'वर गेली. वाचलं. चौथं पान फिरवून बघितलं. कागद उलटा करून मागे बघितलं. मग विचारलं, तिचं एवढंच आलं का?

मी खालून कापायचा नियम सांगितला. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत एखादा मुलगा उत्तर सांगेल म्हणून वाट बघावी तसं. मग म्हणाली, बरं. उद्या अकराला काय करताय? मी म्हटलं, पुरवणीची तयारी, का गं? ती म्हणाली, काही नाही, सहज. आणि परत, बरं.

दोन बरं. छत्तीस वर्षांच्या संसारात दोन बरं लागोपाठ मी तीनदाच ऐकले आहेत. तिन्ही वेळा चूक माझी होती, आणि तिन्ही वेळा ती कोणती हे मला महिन्यानं कळलं.

विचारावं का? उद्या विचारू.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी १०.२०

ही शाळेत न जाता दहाला बाहेर पडली. चांगली पर्स घेतली, हातात प्लास्टिकची फाइल. कुठे म्हटलं तर म्हणाली, काम आहे. शाळेची तपासणी असणार. शाळेत तपासणी असली की ती अशीच गप्प असते. असते का? असणार.

वेलांटी चुका घेऊन आला आहे. बेल वाजवतोय.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५

क्रमानं लिहितो.

वेलांटीनं 'कौटुंबिक'भोवती लाल गोल काढला होता. म्हणाला, हा मजकूर अर्धवट वाटतो, शेवटचं वाक्य लटकतंय, मूळ प्रत दाखव. मी म्हटलं, जाऊ दे रे. तो म्हणाला, मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय मी एकतीस वर्षांत काही सोडलं नाही. उशी उचलली, डबा उघडला, फोन माझ्याकडून उघडून घेतला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागला. मुद्रितशोधक वाचतात तसं, विरामचिन्हांसकट, सरळ एका सुरात. टाकी, दात, पडदे, जावई. मग पुढे:

आईचा रिपोर्ट आलाय पूर्णविराम. गुरुवारी अकराला डॉक्टरांनी बोलावलंय पूर्णविराम. आई तुम्हाला सांगणार नाही स्वल्पविराम तिला वाटतं तुम्ही घाबराल पूर्णविराम. मी तिला सांगितलंय की बाबांना कळवते पूर्णविराम. बाबा स्वल्पविराम तिला एकटीला पाठवू नका पूर्णविराम.

इथे तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मजकुराचा अर्थ कळलेला मी पाहिला. हळूच म्हणाला, चूक एकही नाही रे.

घड्याळात पावणेअकरा. चप्पल एक माझी, एक वेलांटीची, हे रिक्षात बसल्यावर कळलं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी रिक्षावाल्याला सांगितलं की माझ्या बायकोचा रिपोर्ट आला आहे आणि मी तो कापला. त्यानं आरशातून बघितलं आणि सिग्नल तोडला.

ही तिसऱ्या मजल्यावर, लांब बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. शेजारची जागा मोकळी. पर्स तिथे ठेवून तिनं ती अडवली होती. मला बघून पर्स उचलली.

मी सांगायला सुरुवात केली. सहाची वेळ, आठ ओळी, अंगठा, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, मी आठवडाभर रोज तुमचा अंक वाचत होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. माझी बातमी कुठल्या पानावर घेताय ते बघायला. वाटलं, कुठेतरी एक ओळ तरी असेल. राशिभविष्यात आली तेवढीच.

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मला भीती वाटते गं. आजवर हे वाक्य मी तिला म्हटलं नव्हतं. या वहीतही नाही. मला फार भीती वाटते. तू नसशील तर मी सकाळी अंक कोणासमोर ठेवू, असंही म्हणायचं होतं, ते जमलं नाही.

ती म्हणाली, मला काय मजा वाटते का? तेरा दिवस मी पण घाबरलेच आहे की. पण घरात एकाच माणसाला घाबरायची सोय होती, आणि ती जागा तुम्ही आधीच अडवली होती.

आमचा नंबर पुकारला. उठता उठता मी पक्कं ठरवलं. आता हिचा आधार व्हायचं. डॉक्टर जे सांगतील ते तिच्याआधी मी झेलायचं. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं मी लिहून घ्यायची. पेन काढलं. आत गेलो, ताठ बसलो. डॉक्टरांनी फाइल उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, हं, तर असं आहे.

यानंतर मला दिसलं ते एकदम छतच.

तपासायच्या टेबलावर मी आडवा होतो. पायाखाली उशी. एका पायात वेलांटीची चप्पल. नर्स माझा रक्तदाब घेत होती. ही स्टुलावर बसून मला पाण्याचे घोट पाजत होती आणि त्याच वेळी डॉक्टरांना प्रश्न विचारत होती. नेमके, एकामागून एक, गणित सोडवावं तसे. उत्तरंही तिनंच लिहून घेतली, माझ्या पेनानं. मी अधूनमधून हूं म्हणत होतो. नर्स म्हणाली, काका, बोलू नका.

रिपोर्टमधलं मला तिनंच परतीच्या वाटेवर सांगितलं. गाठ काढावी लागणार. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. काढून तपासल्यावरच नक्की काय ते कळेल. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखी वाटत नाही, पण ठेवण्यासारखीही नाही. मी म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. मी म्हटलं, पहिल्यापासून सांग, शेवटपर्यंत. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. तरी भीती तेवढीच आहे. पण आता ती दोघांत आहे.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ११.३०, हॉस्पिटल

हिला आज दाखल केलं. ऑपरेशन उद्या सकाळी.

शनिवार-रविवार मी पूर्ण तयारी केली होती. सोबत मीच राहणार, असं जाहीर केलं. थर्मास, सतरंजी, चार्जर, रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावलेली. न्याहारी पोटभर केली, म्हणजे चक्कर यायचा प्रश्न नाही. लिफ्टऐवजी जिन्यानं चढलो, मन खंबीर आहे हे बघायला. दुसऱ्या मजल्यावर जरा टेकावं लागलं. भीतीमुळेच. आता लिहायला हरकत नाही.

काउंटरवर क्लार्क फॉर्म भरत होता. नाव, वय, आजार. मग विचारलं, पेशंटसोबत कोण राहणार? मी छाती पुढे काढून नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर हिनं लेकीचं नाव सांगूनही टाकलं. संध्याकाळच्या गाडीनं येतेय म्हणे. मला आत्ता कळलं.

मी म्हटलं, अगं, मी आहे ना. ही क्लार्कला म्हणाली, हेसुद्धा राहणार आहेत हो. पण यांच्यासोबत कोणीतरी नको का?

क्लार्कनं पेन थांबवलं. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, यात पेशंट नक्की कोण?

हिनं हात वर केला. मीही केला होता. तो हळूच खाली घेतला.